रेणू आखून झाला. औषध कोण करणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये केरळातल्या कोळिकोडला निपाह विषाणूने पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी पत्रकारांना एक हिशोब सांगितला. निपाहवर वापरता येईल अशा प्रतिपिंडाचा देशातला साठा फक्त दहा रुग्णांना पुरेल एवढा आहे आणि आणखी वीस मात्रा ऑस्ट्रेलियाकडून मागवल्या जात आहेत. हातातला साठाही २०१८ च्या साथीत ऑस्ट्रेलियाकडूनच आलेला. त्या वर्षी केरळात निपाहने १७ जणांचा जीव घेतला. त्यात रुग्णाची शुश्रूषा करणारी एक परिचारिका होती. त्याआधी २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना लागण झाली होती आणि त्यातले ४५ जण दगावले होते. म्हणजे हा विषाणू आपल्याला ठाऊक होऊन दोन दशकं उलटून गेली, आणि एकशे चाळीस कोटींच्या देशाची तयारी तीस मात्रांपाशी येऊन थांबली.

याच दोन दशकांत जगात दुसरीकडे काय झालं, ते या हिशोबाशेजारी ठेवून पाहायला हवं. विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवणारे छोटे रेणू संगणकावर आखण्याची विद्या हळूहळू पक्की होत गेली आणि २०२४ मध्ये प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी डेव्हिड बेकर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे त्याच्या बातम्या ‘आता एआय औषधं शोधणार’ अशा मथळ्यांनी आल्या. मला त्या मथळ्यांचा राग येतो. संगणकाला श्रेय मिळतं म्हणून नाही, तर अवघड भाग संपला असा समज त्यातून होतो म्हणून. सगळ्यात अवघड काम त्यानंतर सुरू होतं. ते करणं आज कुणाचीच जबाबदारी नाही, आणि ज्या रोगांना बाजार नाही त्यांच्या बाबतीत ती सरकारने उघडपणे अंगावर घ्यायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आधी हे अडवणं म्हणजे काय ते पाहू. निपाह, एचआयव्ही, करोना या तिघांच्याही अंगावर चरबीचा पडदा असतो आणि त्यात रोवलेली प्रथिनं असतात. पेशीला चिकटणं आणि मग आपला पडदा पेशीच्या पडद्याशी एकजीव करून आतला ऐवज पेशीत सोडणं, ही दोन कामं ती प्रथिनं करतात. दुसऱ्या कामाच्या वेळी प्रथिनाचे दोन लांब, पिळदार भाग एकमेकांकडे वळतात आणि जॅकेटची चेन लागावी तसे एकमेकांत बसत जातात. चेन पूर्ण लागली की विषाणूचा पडदा पेशीवर खेचला जातो आणि दोन्ही पडदे एक होतात. त्याच क्षणी यातल्या एका भागाची नक्कल असलेला तुकडा मध्ये घुसवला, तर चेन अर्ध्यात अडकते. हा तुकडा म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटीशी साखळी.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एचआयव्हीच्या जीपी४१ या प्रथिनाचा ३६ अमिनो आम्लांचा तुकडा घेऊन पाहिला आणि तो विषाणूला रोखतो असं त्यांना दिसलं. तो का रोखतो हे नीट कळायला १९९७ साल उजाडलं. प्रथिनाची स्फटिकरचना हाती आल्यावर ती चेन डोळ्यांना दिसली. मार्च २००३ मध्ये या तुकड्याला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. नाव एन्फुव्हर्टाइड. त्याची कर्मकहाणी पुढे येईलच.

संगणकाने यात भर घातली ती अशी, की निसर्गात जो तुकडा नाहीच तो नव्याने आखता येऊ लागला. पाया जुना आहे आणि त्यातला एक मोठा दगड आपला आहे. प्रथिनाच्या साखळीतला कोणता कोन शक्य आणि कोणता अशक्य, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये १९६३ मध्ये मांडला. आजही कुठलीही रचना त्या नकाशाला धरून तपासली जाते. बेकर यांच्या सिएटलमधल्या गटाने २०११ मध्ये फ्लूच्या विषाणूवरच्या प्रथिनाच्या देठाला चिकटणारी प्रथिनं आखून दाखवली. तेव्हा हे काम भलतंच कष्टाचं होतं. २०१७ मध्ये याच गटाने फ्लू आणि बोट्युलिनम विष यांच्यावर मिळून २२,६६० छोट्या प्रथिनांच्या रचना केल्या, त्यांचे डीएनए एकगठ्ठा बनवून घेतले, यीस्टच्या पेशींवर ती प्रथिनं उगवली आणि कोणती चिकटतात ते पाहिलं. २,६१८ रचना घट्ट चिकटल्या. उरलेल्या वीस हजार संगणकाच्या मते उत्तमच होत्या.

२०२० मध्ये करोनाच्या काट्यावर त्यांनी हाच मार्ग धरला आणि अवघ्या ५६ अमिनो आम्लांची अशी प्रथिनं तयार केली, की ती नॅनोमोलरच्याही खाली, पिकोमोलर म्हणजे अत्यंत सूक्ष्म मात्रेत विषाणूला अडवत होती. त्यानंतरची साधनं आणखी पुढे गेली. आरएफडिफ्यूजन २०२३ मध्ये खुलं झालं. त्यामागोमाग स्वित्झर्लंडच्या लोझान इथून बाइंडक्राफ्ट आलं. आता हजारो नव्हे, दहा-वीस रचना करून पाहिल्या तरी त्यातली एखादी लागू पडते. हे सॉफ्टवेअर कुणालाही उतरवून घेता येतं. साताऱ्याच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयातली एखादी हुशार एमएस्सीची विद्यार्थिनी भाड्याच्या संगणकावर आठवड्याभरात एखाद्या विषाणूच्या प्रथिनावर बसेल असा रेणू आखू शकते, यात आता अतिशयोक्ती उरलेली नाही.

आणि इथेच आपली गाडी अडते, कारण आखण्याला आपण काम संपणं समजतो. करोनाकाळात आपल्या विद्यापीठांतून ‘डॉकिंग’च्या निबंधांचा पूर आला होता. हळदीतला रेणू, अश्वगंधेतला रेणू, तुळशीतला रेणू संगणकावर विषाणूच्या प्रथिनात बसवायचा, उणे आठ किंवा उणे नऊ असा गुण मिळाला (जितका उणे तितकी पकड घट्ट, असं मानतात) की ‘संभाव्य औषध’ म्हणून छापायचं. त्या रेणूला कुणी कुपीत घालून विषाणूसमोर ठेवलं नाही. गुण म्हणजे एक अंदाज, तोही पाण्याची आणि प्रथिनाच्या हालचालीची पुरती दखल न घेता केलेला. यात मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. पीएचडीला निबंध लागतो, बढतीला निबंध लागतो, प्रयोगाला पैसे लागतात आणि संगणकाला फक्त वीज लागते. जी व्यवस्था निबंध मोजते तिला निबंधच मिळणार. पण बेकर यांच्या गटाच्या वीस हजार फसलेल्या रचना जी शिकवण देतात ती या निबंधांमध्ये कुठेच नाही, कारण तिथे फसण्याची संधीच कुणी ठेवलेली नसते.

रेणू प्रत्यक्ष बनवायचा म्हणजे काय करावं लागतं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. काचेच्या नळकांड्यात रेझिनचे वाळूएवढे मणी असतात. त्यावर पहिलं अमिनो आम्ल टांगायचं. त्याच्या टोकावरचं झाकण पिपरिडीनने काढायचं. त्याचा उग्र वास दिवसभर नाकातून जात नाही. मग द्रावकाने धुवायचं, पुढचं अमिनो आम्ल जोडायचं, पुन्हा धुवायचं. जोड पूर्ण झाला का हे पाहायला चिमूटभर मणी काढून निनहायड्रिन घालून तापवायचे. निळे झाले तर काही टोकं मोकळी राहिली, म्हणजे पुन्हा जोडा. प्रत्येक जोड ९९ टक्के जमला तर ३६ अमिनो आम्लांच्या साखळीच्या शेवटी हातात ७० टक्के बरोबर माल येतो. ९८ टक्के जमला तर निम्मा. उरलेल्यात एखादं आम्ल गळालेल्या, खऱ्यासारख्याच दिसणाऱ्या साखळ्या असतात आणि त्या वेगळ्या काढणं हेच सगळ्यात खर्चिक काम.

एन्फुव्हर्टाइडच्या नशिबी नेमकं हेच आलं. त्याच्या निर्मितीला शंभराहून अधिक पायऱ्या होत्या. साखळी तीन तुकड्यांत करून मग जोडावी लागे. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत एका रुग्णाचा वर्षाचा खर्च वीस हजार डॉलरच्या घरात होता. पोटात पचून जातं म्हणून गोळी करता येत नव्हती. ९० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिवसातून दोनदा. भुकटी पाण्यात विरघळायला कधी कधी पाऊण तास लागे, तोवर रुग्णाने कुपी तळहातांत फिरवत बसायचं. जवळजवळ प्रत्येकाला टोचल्या जागी गाठी यायच्या. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एचआयव्हीवरचा पूर्ण उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं, विषाणूला दारात अडवण्याची कल्पना कितीही देखणी असली तरी ती कुणाच्या दंडात शिरणार हे कारखाना ठरवतो. पुढे चांगल्या गोळ्या आल्या आणि एन्फुव्हर्टाइड मागे पडलं.

आजच्या रचना या बाबतीत जास्त शहाण्या आहेत. काही उष्णतेने बिघडत नाहीत, काही रासायनिक पद्धतीऐवजी जिवाणूंत वाढवता येतात. काहींना चरबीचं शेपूट जोडलेलं असतं, त्यामुळे त्या पेशीच्या पडद्यात अडकून राहतात आणि नाकात नुसत्या फवारल्या तरी पुरतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आणि रॉटरडॅमच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकात कोलेस्टेरॉल जोडलेलं पेप्टाइड सोडलं आणि त्यांना करोना झालेल्या फेरेटबरोबर चोवीस तास एका पिंजऱ्यात ठेवलं. नुसतं द्रावण दिलेल्या सगळ्या प्राण्यांना लागण झाली, पेप्टाइड दिलेल्यांपैकी एकालाही नाही. पुढच्या वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी एसआयएच-५ हे छोटं प्रथिन आखलं. ते करोनाच्या काट्यांना जोडीजोडीने बांधून विषाणूंचे गठ्ठेच करून टाकतं. हॅमस्टरवर ते चाललं, आणि साध्या खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने टिकलं. आपल्या आरोग्य केंद्रांची आणि तिथल्या फ्रीजची अवस्था माहीत असणाऱ्याला हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटेल.

यातलं काहीही औषधाच्या दुकानात आलं नाही. विज्ञान कमी पडलं म्हणून नव्हे. तोवर लशी आल्या होत्या, साथ ओसरत होती, आणि माणसांवरच्या चाचण्यांना लागणारा पैसा घालायला कुणी तयार नव्हतं. साथ असताना वेळ नसतो, साथ गेली की गरज नसते. जिथे रुग्ण कायमचा आणि पैसे देणारा होता तिथे मात्र मार्ग निघाला. हायडेलबर्गमध्ये जन्मलेलं बुलेव्हर्टाइड हे ४७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड यकृताच्या पेशीवरच्या दारालाच जाऊन बसतं आणि हिपॅटायटिस डी च्या विषाणूला आत येऊ देत नाही. २०२० मध्ये युरोपने त्याला सशर्त मान्यता दिली आणि त्याच वर्षाच्या शेवटी गिलियड या अमेरिकी औषध कंपनीने ते बनवणारी छोटी जर्मन कंपनी अब्जाहून जास्त युरो मोजून विकत घेण्याचा करार केला. कंपन्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. निपाहचे रुग्ण बहुतेक वर्षी मोजकेच, तेही गरीब देशांत, आणि पुढच्या वर्षी असतील की नाही सांगता येत नाही. भागधारकांना विचारून अशा औषधात पैसा घालणारा संचालक दुसऱ्या दिवशी घरी बसेल.

म्हणूनच निपाहचं काम सरकारचं आहे, आणि ते पेप्टाइडला साजेसंही आहे. निपाहची लागण रुग्णाच्या निकट संपर्कात येणाऱ्यांना होते. घरातली माणसं, परिचारिका, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण. लक्षणं दिसायला साधारण चार ते चौदा दिवस लागतात आणि केरळचं आरोग्य खातं संपर्कातल्या माणसांची यादी काही तासांत करतं. त्या यादीतल्या दोन-तीनशे जणांच्या हातात दोन आठवडे रोज नाकात मारायचा फवारा देता आला, तर साथ तिथेच आवळता येईल. निपाहवरची चरबीयुक्त पेप्टाइडं हॅमस्टरमध्ये आणि आफ्रिकी हिरव्या माकडांमध्ये तपासून झाली आहेत. तो निबंध २०१८ चाच, केरळच्या साथीच्या वर्षीचा. माकडांना मिळालेलं संरक्षण पूर्ण नव्हतं. म्हणजे रेणू सुधारायला हवा, आणि सुधारण्याची साधनं २०१८ पेक्षा आज कितीतरी चांगली आहेत.

आता पुण्याचं बोलू. राष्ट्रीय विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षेची, बीएसएल-४ प्रयोगशाळा पाषाणला आहे. जिवंत निपाह हाताळता येतो अशा देशातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. याच संस्थेच्या चमूने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यात निपाहची प्रतिपिंडं सापडली, तेव्हा हा प्रश्न नुसता केरळचा नाही. त्याच पाषाण परिसरात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे, तिथे परम ब्रह्म हा महासंगणक आहे. तो उभारणारी सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था जवळच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेप्टाइडचं रसायन जाणणारी माणसं आहेत, तीही तिथूनच हाकेच्या अंतरावर. रेणू आखणं, तो बनवणं आणि खऱ्या विषाणूवर तपासणं, हे सगळं एका रिक्षाच्या मीटरमध्ये बसेल एवढ्या अंतरात आहे. फक्त एक संस्था एका मंत्रालयाच्या खात्याखाली, दुसरी दुसऱ्याच्या, तिसरी तिसऱ्याच्या. नमुना एका फाटकातून दुसऱ्या फाटकात न्यायचा तर सामंजस्य करार लागतो, आणि करारावर सही होईपर्यंत संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती संपते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की क्षयरोगाने दरवर्षी लाखो माणसं मरतात त्या देशाने वर्षाला दोन-चार रुग्णांच्या रोगावर पैसे का उधळावेत? आक्षेप रास्त आहे आणि क्षयरोगाच्या पैशाला हात लावून हे करा असं कुणी म्हटलं तर मी विरोधच करीन. पण संशोधनावर आपण एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. एवढ्याशा ताटात दोन आजारांना एकमेकांशी भांडायला लावणं ही लबाडी आहे. शिवाय हा मार्ग निपाहपुरता राहत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना होणारा माकडताप घ्या. त्याची जुनी लस २०२२ मध्ये बंद झाली आणि त्यावर नेमकं औषध नाही. गोचिडीतून रक्तात जाणाऱ्या विषाणूवर नाकातला फवारा चालणार नाही, तिथे वेगळी रचना लागेल, कदाचित महिन्याला एक इंजेक्शन. मात्र त्याच कुळातल्या डेंग्यूवर आणि झिकावर पेप्टाइडं प्रयोगशाळेत चाललेली आहेत. एकदा साखळी उभी राहिली की तिच्यातून दुसरा रेणू जायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

प्रतिपिंडंच का नकोत, हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. प्रतिपिंडं रक्तात काही आठवडे राहतात, पेप्टाइड तासांत तुटून जातं. खरं आहे. ज्याला लागण झाली आहे त्याला प्रतिपिंडच द्यावं. पण ते थंड ठेवावं लागतं, शिरेतून द्यावं लागतं, महाग असतं. संपर्कातल्या तीनशे धडधाकट माणसांना ते देणं कुठल्याही जिल्हा रुग्णालयाला झेपणारं नाही. विषाणू बदलला की रेणू निकामी होईल, ही भीती मात्र दोघांनाही लागू आहे. ओमिक्रॉनने करोनाची बहुतेक प्रतिपिंडं मोडीत काढली. चिकटण्याचा भाग भराभर बदलतो, चेनचा भाग त्या मानाने कमी. रेणू आखताना निशाणा कुठे धरायचा याचा निर्णय त्यावरून करावा.

चाचण्यांचं काय? दोन-चार रुग्णांच्या साथीत औषधाचा गुण आकडेवारीने सिद्ध करता येत नाही. सुरक्षितता निरोगी स्वयंसेवकांवर, परिणाम दोन जातींच्या प्राण्यांवर, आणि मग साथीत देखरेखीखाली वापर, हा मार्ग अमेरिकेने २००२ पासून अशा रोगांसाठी मोकळा ठेवला आहे. आपल्या २०१९ च्या औषध चाचणी नियमांत निकडीच्या गरजेसाठी जलद मान्यतेची सोय आहे. ती अशा औषधांना कशी लागू होईल याची लेखी मार्गदर्शिका नियामकाने काढली तरी निम्मं घोडं गंगेत न्हालं.

राहिला कारखान्याचा प्रश्न, आणि इथे वेळ बरी आहे. वजन आणि मधुमेहावरच्या नव्या औषधांमुळे भारतीय कंपन्या पेप्टाइड निर्मितीत उतरल्या आहेत. मुंबईच्या ग्लेनमार्कने मधुमेहावरच्या लिराग्लुटाइडची आपली आवृत्ती जानेवारी २०२४ मध्येच बाजारात आणली. तेही एकतीस अमिनो आम्लांचं, चरबीचं शेपूट लावलेलंच पेप्टाइड. म्हणजे २००३ मध्ये जो माल जगाला अवघड वाटत होता, तो बनवणारी यंत्रं आणि माणसं आज महाराष्ट्रात, तेलंगणात, गुजरातेत आहेत. त्यांना निपाहसाठी कर्ज देऊन उपयोग नाही. केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला, पण त्याचा मुख्य मार्ग खासगी क्षेत्राला कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी कर्ज आणि भांडवल हा आहे. ज्या औषधाला गिऱ्हाईकच नाही त्यासाठी बिनव्याजी कर्ज तरी कोण काढेल? इथे सरकारने गिऱ्हाईक व्हायला हवं. आधीच जाहीर करावं, की चाळीस अंशांत सहा महिने टिकणारा, नाकात मारता येणारा, प्राण्यांच्या चाचण्यांत ठरलेल्या कसोटीला उतरलेला फवारा जो देईल त्याच्याकडून अमुक किमतीला पंचवीस हजार कुप्या घेऊ, आणि रेणूची रचना सार्वजनिक पैशातून झाली असेल तर तिचा परवाना कुणा एकाच्या हातात देणार नाही.

अशा साठ्यातल्या कुप्या बहुतेक वर्षी वापरल्या जाणार नाहीत. दोन-तीन वर्षांनी त्यांची मुदत संपेल, त्या नष्ट कराव्या लागतील, आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालात ‘निष्फळ खर्च’ म्हणून त्यावर ताशेरे येतील. ते येणारच आहेत, तेव्हा त्याचं उत्तर खरेदीचा करार करतानाच फाइलला जोडून ठेवावं.